वाचकांचे प्रश्न : समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो शहरात राहतो. धरणाचे पाणी शेतीला द्यायचे की सॅमन माशांसाठी नदीत सोडायचे, यावरून तिथे कितीतरी वर्षे वाद चालू असल्याचे तो सांगतो. माणसांना पाणी कमी पडत असताना माशांसाठी ते समुद्रात सोडून देणे मला पटत नाही. यामागचा विचार समजावून सांगावा. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, तिथले अनेक शेतकरीही ती जवळपास याच शब्दांत मांडतात. आधी तिथली भूरचना पाहू. उत्तरेकडून सॅक्रॅमेंटो आणि दक्षिणेकडून सॅन वाकीन या दोन नद्या एकत्र येतात, त्यांच्या संगमाशी मोठा त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे, आणि तिथून पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जाते. या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला प्रचंड पंप बसवलेले असून ते दक्षिणेकडची शेती आणि थेट लॉस एंजेलिसपर्यंतची शहरे यांच्यासाठी पाणी उचलतात. अडीच कोटींहून अधिक लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा काही ना काही भाग इथून जातो. पंप जोरात चालतात तेव्हा आतल्या काही प्रवाहांची दिशाच उलटते, आणि समुद्राकडे निघालेली माशांची पिले पंपांच्या दिशेने ओढली जातात.

सॅमन हा नदीच्या वाळूगोट्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत येतो. अंडी घातली की त्याचे आयुष्य संपते. सॅक्रॅमेंटो नदीतील चिनूक जातीच्या सॅमनचे चार हंगामी गट आहेत. त्यांपैकी हिवाळ्यात नदीत शिरणारा गट अंडी मात्र ऐन उन्हाळ्यात घालतो. पूर्वी तो डोंगरातल्या झऱ्यांच्या थंड पाण्यापर्यंत चढून जात असे, पण १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणाने ती वाट बंद केली. आता तो धरणाखालच्या तापलेल्या खोऱ्यात अंडी घालतो आणि ती जगायची तर पाण्याचे तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. म्हणून धरणाच्या तळाचे थंड पाणी उन्हाळाभर पुरवून पुरवून सोडावे लागते. २०१४ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत ते थंड पाणी हंगाम संपण्याआधीच संपले, आणि दोन्ही वर्षी या गटाची सुमारे ९५ टक्के अंडी व पिले नष्ट झाली. धरणात पाणी होते, पण ते गार नव्हते. पाणी किती सोडले याइतकेच ते केव्हा सोडले, किती थंड होते आणि कोणत्या वाटेने गेले, यालाही महत्त्व आहे, आणि पाणीवाटपाची चर्चा करताना आपण नेमके हेच विसरतो.

आता ‘समुद्रात सोडून देण्या’विषयी. त्रिभुज प्रदेशातून बाहेर वाहणाऱ्या गोड्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे खारे पाणी मागे रेटण्यात खर्च होतो. हा रेटा कमी पडला तर भरतीबरोबर खार आत चढतो आणि ज्या पंपांसाठी एवढा खटाटोप चालला आहे, तेच पंप खारे पाणी उचलू लागतात. २०१५ आणि २०२१ मध्ये ही वेळ येऊ नये म्हणून एका प्रवाहात दगडांचा तात्पुरता बांध घालावा लागला होता. म्हणजे ज्याला लोक माशांचे पाणी म्हणतात, त्यातले पुष्कळसे पाणी शेतकऱ्याचे आणि शहराचे पाणी गोड ठेवण्यासाठीच वाहत असते. मासा नसता तरी ते सोडावेच लागले असते.

शेतकऱ्यांचे नुकसान खोटे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेकडील अनेक शेतकऱ्यांना केंद्र सरकारच्या कालव्यातून मिळणारा वाटा शून्यावर आला होता. त्यांनी विहिरी खोल नेल्या, भूजल उपसले आणि काही भागांत जमीनच खचली. पण या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात फक्त मासे नाहीत, मच्छीमारही आहेत. सॅमनची संख्या घसरल्यामुळे कॅलिफोर्नियात २००८ आणि २००९ मध्ये, आणि पुन्हा २०२३ पासून सलग तीन वर्षे, सॅमनची व्यावसायिक मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. शेतकऱ्याचे पडीक शेत छायाचित्रात दिसते. किनाऱ्याला बांधून ठेवलेली होडी कुणाच्या नजरेत भरत नाही. मासे विरुद्ध माणसे अशी मांडणी मला अपुरी वाटते ती यामुळे.

दोघांचेही भले करणारे मार्ग थोडे असले तरी आहेत. सॅक्रॅमेंटोच्या पूरमैदानातील भातशेतांत कापणीनंतर हिवाळ्यात पाणी साठवून ठेवले, तर तिथे सूक्ष्म जीव भरपूर वाढतात आणि सॅमनची पिले नदीतल्या पिलांपेक्षा कितीतरी झपाट्याने धष्टपुष्ट होतात, असे प्रत्यक्ष प्रयोगांत दिसले आहे. उत्तरेच्या क्लामथ नदीवर तर चार जुनी जलविद्युत धरणे पाडण्यात आली. ते काम २०२४ मध्ये संपले आणि काही आठवड्यांतच सॅमन त्या जागा ओलांडून वर गेले. अर्थात शास्तासारख्या धरणाला हा उपाय लागू पडणार नाही, कारण त्यावर कोट्यवधी लोकांचा संसार उभा आहे.

प्रश्न : बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. तो याच माशाचा भाऊबंद आहे का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नाही. हे नाव इंग्रजांच्या काळापासून रूढ आहे एवढेच. रावस वेगळ्या कुळातला मासा आहे आणि अंडी घालण्यासाठी तो नदीच्या उगमाकडे चढत नाही. सॅमनसारखा समुद्रातून नदीत येणारा आपल्या देशातला मासा म्हणजे हिल्सा, ज्याला मराठीत पाला म्हणतात. गंगेतला हिल्सा पूर्वी प्रयागपर्यंत जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि त्याची वरची वाट जवळपास बंद झाली. शास्ताची गोष्ट आपल्याकडेही घडून गेली आहे; फक्त तिच्यावर इतकी चर्चा झाली नाही.

प्रश्न : आम्ही विटाव्याचे. आजोबांच्या वेळी खाडीत जिताडा, बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या भरपूर मिळत. आता पाग टाकला की प्लॅस्टिक वर येते. कोकणातले पाणी समुद्रात वाया जाते, ते घाटावर न्यावे, असे बोलले जाते. त्याचा आमच्या खाडीवर काय परिणाम होईल? (एक मच्छीमार वाचक, विटावा)

उत्तर : सॅमनच्या निमित्ताने आलेल्या पत्रांत मला आपले पत्र सर्वांत मोलाचे वाटले. आपण ज्याचा उल्लेख केला, त्या जिताड्याचा प्रवास सॅमनच्या नेमका उलट असतो. तो पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिले पावसाच्या गोड्या पाण्याचा माग काढत खाडीतून वर, ओढ्यांत आणि खारजमिनीच्या भातखाचरांत शिरतात. पेण-अलिबागकडे अशी पिले घराशेजारच्या तळ्यांत सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. म्हणजे आषाढ-श्रावणात खाडीत उतरणारे गोडे पाणी हा जिताड्याचा रस्ता आहे. कोळंबीचेही थोड्याफार फरकाने तसेच आहे. हे पाणी वाया जाते असे म्हणणाऱ्याने खाडीतला संसार पाहिलेला नसतो.

त्यामुळे कोकणातल्या नद्यांचे पाणी वळवताना एकूण किती घनमीटर उचलले, एवढा एकच आकडा पाहून भागणार नाही. पावसाच्या पहिल्या लोंढ्यापैकी किती खाली येऊ दिले, हे मच्छीमारासाठी अधिक महत्त्वाचे आहे. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि तिथल्या माणसाला पाणी नाकारावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे म्हणणे इतकेच की खाडीचा वाटा आधी मोजून बाजूला ठेवावा आणि उरलेल्याचे वाटप करावे. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखून ठेवावा आणि तो नैसर्गिक चढउताराच्या प्रमाणात असावा, असे म्हटले आहे. गंगेसाठी २०१८ मध्ये हंगामानुसार किमान प्रवाहाचे प्रमाण अधिसूचनेने ठरवून दिले गेले. कोकणातल्या नद्यांसाठीही असेच आकडे ठरवायला हवेत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ठाणेकरांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. उन्हाळ्यात उल्हास नदी वाहते ती मुख्यत्वे भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, आणि ते पाणी मूळचे मावळातले, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले आहे. बदलापूर, कल्याण, उल्हासनगरपासून ठाण्यापर्यंतची शहरे त्यावर अवलंबून आहेत. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी अधूनमधून होते. आपणही कुणाच्या तरी खोऱ्यातले पाणी पितो, हे लक्षात ठेवूनच वाटपाच्या वादात बोलायला हवे.

मात्र ठाण्याच्या खाडीचे आजचे दुखणे केवळ गोड्या पाण्याचे नाही. या खाडीच्या डोक्याशी मोठी नदी नाही. उल्हासशी तिला जोडणारी वाट अरुंद आहे, त्यामुळे आत आलेली घाण भरती-ओहोटीबरोबर पुढे-मागे हेलकावत राहते. वर्षाचे आठ महिने तिला मिळणारे ‘गोडे’ पाणी म्हणजे बहुतांशी शहरांचे सांडपाणीच. त्यात भराव, गाळ आणि कारखान्यांचा मैला. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण रोहित जे शेवाळ खातो, ते सांडपाण्यावरही पोसते. तेव्हा पक्षी दिसले म्हणून खाडी निरोगी आहे, असे कुणी सांगितले तर ते मान्य करू नका. जिताड्याचे पिल्लू कळव्याच्या पुलाखाली पुन्हा दिसणे ही माझ्या मते अधिक खरी खूण ठरेल.

आपण काय करू शकता, तेही सांगतो. नदीखोऱ्याच्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगी देण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. त्या सुनावणीत ‘पूर्वी मासे मिळायचे’ एवढे सांगून भागत नाही. आपल्या मच्छीमार संस्थेत एक साधी वही ठेवा. तिथी, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), जागा, जाळे, कोणता मासा किती मिळाला, पाण्याचा रंग आणि वास, पहिला पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पाणी गोडावले. दोन-तीन पावसाळ्यांची अशी नोंद हाती असेल, तर प्रकल्पाच्या अहवालात खाडीच्या खारेपणाचे महिनावार आकडे का नाहीत, हे आपण लेखी विचारू शकाल, आणि लेखी हरकतीची दखल त्यांना अहवालात घ्यावी लागेल. वहीचा नमुना हवा असल्यास या सदराच्या पत्त्यावर कळवावे, पाठवून देऊ.