शिक्षणातली विषमता कमी करण्यासाठी खाजगी शाळा बंद करायला हव्यात का?

नाही. हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई म्हणून सांगतेय. त्या शाळा बंद झाल्या तर माझाच पट वाढेल, तरीही नाही.

आधी कुठल्या खाजगी शाळा, ते ठरवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळाही खाजगीच, फक्त अनुदानित. आमच्या सातारा भागात निम्म्या घरांतली पहिली मॅट्रिक झालेली पिढी तिथलीच असेल. त्यांना टाळं लावणार का? तुमचा रोख पिवळ्या बसवाल्या विनाअनुदानित शाळांवर असेल, तर शिक्षणसंस्था काढणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय. तो विषय तिथेच संपतो.

खरं दुखणं वेगळं आहे. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही पहिलीच्या दाखल्यांसाठी घरोघर फिरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं आणि एकजण अतिरिक्त ठरतो, त्यामुळे फिरावंच लागतं. एकदा एका गुरुजींबरोबर होते. ते अंगणात उभे राहून मोफत पुस्तकं, गणवेश, पोषण आहार असं सगळं सांगत होते. त्या घरच्या बाईने भाकरी थापता थापता विचारलं, ‘‘गुरुजी, तुमची पोरं कुठल्या साळंत?’’ गुरुजींनी चपला शोधायला सुरुवात केली. त्यांची दोन्ही मुलं तालुक्याला इंग्रजी माध्यमात. मग ती माझ्याकडे वळली. माझी मुलगी तेव्हा माझ्याच शाळेत दुसरीला होती, तसं मी सांगितलं. पोराचं नाव घातलंन तिने. गुरुजी परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

घरीही हेच. दीर आणि जाऊबाई दोघंही जिल्हा परिषदेचेच शिक्षक. पगार इथला, फी तिथे. माझ्या मुलीला इथे घातलं तेव्हा ‘पोरीचं वाटोळं करतेस’ असं जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. मुलगी आता अकरावीला आहे, इंग्रजी बोलताना अडखळते, आणि दर गणपतीला जाऊबाई ते मोजतात. त्यांचा मुलगा आरतीच्या पुस्तकात ओळीवर बोट ठेवून वाचतो, ते मी मोजते.

म्हणून सक्ती करायचीच तर वरून करा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात तेच सांगितलं होतं: सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. अंमलबजावणी झाली नाही. होणार कशी, करणारे तेच! आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये उलटंच झालं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) गरीब मुलांसाठी राखीव पंचवीस टक्के जागांतून सूट, असा नियम राज्य सरकारने काढला. आमचे काही सहकारी खूश, आता पट वाढेल म्हणून. म्हणजे जवळची शाळा फक्त गरिबाच्याच पोराने निवडायची. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो नियम रद्द केला, बरं झालं.

आता एक कबूल करायला हवं. माझ्या मुलीला तिची आईच शिकवायला होती, ते सगळ्यांना मिळत नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात एकाला बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम, रोज माहिती ऑनलाइन भरा. अशा शाळेतून मूल काढणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवत नाही. दिव्यांग मुलाला गावात सोय नसेल तर त्याने काय करायचं, हाही प्रश्न आहेच. पण तीच शाळा ज्यांच्या हातात आहे त्यांना ही सबब नाही. तहसीलदाराचा मुलगा त्या वर्गात बसला असता, तर शिक्षकाचं रिकामं पद किती दिवस रिकामं राहिलं असतं?

हे मी भाऊजींना तोंडावर विचारलंय. ते म्हणाले, ‘‘तसा कायदा आणा, मग बघू.’’ आणा की. सही करणाऱ्यांत पहिली मी.