इंधन बदललं, जुन्या इंजिनाचं काय?

प्रश्न : काका, माझी स्कूटर 2013 ची, कार्ब्युरेटरवाली. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज घटलंय. इंजिनात दोष की पेट्रोलमध्ये?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दोष दोघांतही नाही, जोडी जुळलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर धुरावरून इंधनाचं प्रमाण जुळवून घेतो. तुमच्या कार्ब्युरेटरचं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) मात्र ठरलेल्या मापाचं. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, चांगला आहे, पण त्याचा खरा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण जास्त दाबणाऱ्या, इंजिनालाच मिळतो.

माझी उमेदीची वर्षं इथल्याच कोयली रिफायनरीच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून हे पोटतिडकीनं सांगतो : इंधन आणि इंजिन एकत्रच घडवायला हवं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा भाग, शिशानं निकामी होतो, गंधकानं मंदावतो. त्यामुळे शिसं पेट्रोलमधून काढावंच लागलं. 2000 साली देशभर ते बंद झालं. 1 एप्रिल 2020 ला भारत स्टेज सहाची (धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी मर्यादांचा सहावा टप्पा) इंजिनं आली, आणि त्याच दिवसापासून गंधकाची मर्यादाही 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाखांत 10 भाग) आली. इथेनॉलच्या वेळी जुन्या गाड्यांचा असाच आधी विचार व्हायला हवा होता.

तुम्ही पेट्रोलची रबरी नळी चिमटीत दाबून पाहा. चिकट, फुगलेली किंवा तडकलेली असेल तर लगेच बदला. पावसाळ्यात स्कूटर महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.