अमेरिकेत फेलनीची शिक्षा झाल्यावर सरकारकडे असलेल्या बंदुकांवर मालकाचा हक्क उरतो का?

तुम्ही विचारलंय की भावाला अमेरिकेत फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, शिक्षा झाली आहे आणि त्याच्या बंदुका एफबीआयकडे आहेत. त्या कायमच्या गेल्या, की विकता येतील, मित्राला देता येतील?

त्याच्या हातात त्या परत येणार नाहीत. मालकी मात्र नुसत्या शिक्षेमुळे संपत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे लोक हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याचं कलम ९२२(जी) सांगतं की ज्या गुन्ह्याला एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते, त्यात दोषी ठरलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. प्रत्यक्षात तुरुंगाऐवजी फक्त प्रोबेशन (देखरेखीखाली सुटका) मिळालं असलं तरी बंदी लागूच. मोडली तर १५ वर्षांपर्यंत कैद. बंदूक दुसऱ्याच्या कपाटात आहे, पण तिचं काय करायचं हे भाऊ ठरवतो, तर कायद्याने तोही ताबाच.

याच मुद्द्यावर काही अपील कोर्टं म्हणत होती की बंदुका कोणाला द्यायच्या हे दोषी माणसाने सुचवणं हासुद्धा ताबाच. २०१५ च्या हेंडरसन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने हे अमान्य केलं. अर्जदार सीमा गस्त दलातला माजी कर्मचारी होता. जामिनाची अट म्हणून त्याने बंदुका एफबीआयकडे दिल्या होत्या आणि पुढे त्या मित्राला विकायच्या होत्या. न्यायमूर्ती केगन यांनी लिहिलेल्या निकालानुसार, घेणारा माणूस दोषी व्यक्तीला त्या वापरू देणार नाही किंवा तिच्या सांगण्यावरून वापरणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटली तर कोर्ट हस्तांतर मंजूर करू शकतं. माझ्या मते हा निकाल अगदी योग्य आहे: बंदी ताब्यावर आहे, विकून पैसे घेण्यावर नाही.

पण अर्ज करण्याआधी बंदुका सरकारजमा झाल्यात का ते तपासा, कारण बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात. गुन्हा कबूल करताना सही केलेला करार ओळ न् ओळ वाचा. त्यात बंदुकांवरचा हक्क सोडल्याचं कलम असेल, तर हेंडरसन निकाल कामी येत नाही. गुन्ह्यातच वापरलेल्या बंदुकांचंही तसंच. जप्तीनंतर सरकारजमा करण्याची नोटीस टपालाने आली असेल, तर त्यात दावा दाखल करण्याची शेवटची तारीख असते, पाठवल्यापासून किमान ३५ दिवसांची. तुरुंगात असल्यामुळे ते पाकीट जुन्या पत्त्यावर पडून राहतं आणि मुदत टळते. म्हणून घरच्यांनी टपाल उघडून लगेच वकिलाकडे पोचवावं.

हक्क शाबूत असेल तर फेडरल फौजदारी नियम ४१(जी) खाली, जप्ती जिथे झाली त्या जिल्ह्याच्या फेडरल कोर्टात अर्ज करायचा. प्रत्येक बंदुकीची कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर द्या. ‘मला परत द्या’ असं मागू नका, तो अर्ज फेटाळला जाणारच. मागणी अशी हवी: अमुक परवानाधारक विक्रेत्याला एजन्सीने थेट सोपवाव्यात, त्याने त्या बाजारात विकून पैसे मालकाला द्यावेत. हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, सरकारलाही तो मान्य असतो. सोबत विक्रेत्याचं पत्र आणि परवान्याची प्रत जोडा.

मित्राचं नाव सुचवायचं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल: बंदुका भावापासून दूर ठेवीन, त्याला वापरू दिल्यास मीही गुन्ह्यात सामील ठरेन हे मला कळतं. एकाच घरात राहणाऱ्या पत्नीचं नाव दिलं तर न्यायाधीशाला पटवणं अवघड. मित्र दुसऱ्या राज्यात असेल तर हस्तांतर त्याच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच. आपल्याकडच्या कुटुंबांत आणखी एक अडचण येते: एच-१बी व्हिसावरच्या माणसालाही बंदूक बाळगायला बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. अशा व्हिसावरच्या मित्राचं नाव घाईने देऊ नका. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही.

बंदुका राज्याच्या पोलिसांनी घेतल्या असतील तर ४१(जी) लागू होत नाही. तिथे त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे, त्या राज्याच्याच कोर्टात जावं लागेल. कुठल्याही परिस्थितीत भावाने स्वतः त्या घ्यायला जायचं नाही, आणि घरात उरलेल्या काडतुसांचीही वकिलाला विचारून आधी विल्हेवाट लावा.