बाबूचा मित्र मुंबईला गेला तेव्हा

"माझा मुलगा मुलींशी बोलत नाही. दिवसरात्र एकाच मित्राचं नाव. मॅडम, हे वयाचं खूळ आहे की दुसरंच काही?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, वडील शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले असतात. एका वाक्यात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. बाबू हे नावही मीच दिलेलं.

घर पणजीतलं, पैशाला कमी नसलेलं. आजोबांचे खाणीवर ट्रक होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा वडिलांनी हॉटेलात पैसा घातला आणि त्यात त्यांचा जम बसला. मूळ गाव डिचोलीकडचं. आजी अजून रोज पोथी वाचते, चवथीला सगळा गोतावळा गावच्या घरी, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली जमतो. बाबू सतरा वर्षांचा, बारावीत, एकुलता एक. त्याचा मित्र वांद्र्याचा. कोविडच्या काळात मुंबईतली बरीच पैसेवाली कुटुंबं गोव्यात येऊन राहिली, त्यातलंच हे एक. मुलगा आठवीत इथल्या शाळेत आला आणि बाबूच्या बाकावर बसला तो चार वर्षं तिथेच. अकरावी संपली आणि त्याच्या वडिलांनी पुन्हा मुंबईला बस्तान हलवलं.

त्यानंतर बाबू जेवायला खोलीबाहेर येईना. रात्री तीनला दाराखालच्या फटीतून उजेड दिसायचा. आईला वाटलं अभ्यासाचा ताण, मग वाटलं ड्रग्ज. तेवढ्यात वडिलांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला: त्यांच्या कार्डावर मोपा विमानतळावरून मुंबईचं शुक्रवारचं तिकीट काढलेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता. वडिलांनी तिकीट रद्द केलं, त्याचा फोन काढून घेतला आणि सगळं चॅट वाचून काढलं. त्यात एक ओळ होती, "तुझ्याशिवाय इथे काहीच नाही रे." खाली लाल बदाम. त्या एका ओळीने घर हादरलं.

आईने तो फोन माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्हीच वाचा आणि काय ते सांगा." मी फोन पालथा केला आणि त्यांच्याकडे सरकवला. बाबूने स्वतः दाखवला तर वाचीन, म्हटलं. वडिलांना राग आला. "फी आम्ही भरतोय, मॅडम."

फी तुमची, बोलणं त्याचं, असं मी त्यांना सांगितलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. मुलगा अठराच्या आतला असला की पालकांना अंधारात ठेवता येत नाही, हेही खरं. म्हणून मी पहिल्याच दिवशी दोघांसमोर सीमा आखते: त्याच्या जिवाला धोका असेल, कुणी त्याला छळत असेल, धमकावत असेल, पैसे उकळत असेल, तर तुम्हाला मध्यरात्रीही फोन येईल. बाकीचं तो सांगेल तेव्हा.

पहिल्या भेटीत बाबू काहीच बोलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी मित्राबद्दल विचारलंच नाही, तुम्ही दोघं जायचात कुठे एवढंच विचारलं. तो एकदम बोलायला लागला. रायबंदरच्या धक्क्यावर. घरी दोन गाड्या आणि ड्रायव्हर, पण ड्रायव्हरला गाडीत बसवून हे दोघं पायी फेरीबोटीवर चढायचे, पलीकडच्या चोडण बेटावर न उतरता त्याच बोटीने परत यायचे, आणि पुन्हा जायचे. स्कूटरवाले, मासळीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं, त्या गर्दीत कठड्याला टेकून बोलत राहायचं. मी विचारलं, तुझ्या घरी एवढी मोठी खोली असताना बोटीवर का? तो म्हणाला, "घरात कायम कुणीतरी असतं, मॅम. पण ते वाढायला असतं, विचारायला नाही." थोडं थांबून म्हणाला, "तो विचारायचा. आता सगळे विचारतात, तुझं काय चाललंय. तू कसा आहेस, असं नाही विचारत कुणी."

मग त्यानेच विचारलं, "हे प्रेम आहे का?"

मला ठाऊक नाही, म्हटलं. तुलाही आत्ताच ठरवायची गरज नाही. "मग बाबांना काय सांगू?" त्याची आठवण येते, हे खरं आहे ना? तेवढं सांग.

पालकांच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर तेच आहे. माझ्याकडे तिन्ही प्रकारची मुलं आली आहेत. काहींना मुलगेच आवडतात, ते त्यांना आतून बरंच आधी कळलेलं असतं आणि ते बदलत नाही. काहींची मैत्रीच तेवढी खोल असते. काहींना स्वतःलाच अजून उमगलेलं नसतं. तिघांचं रडणं बाहेरून सारखंच दिसतं, आणि यातल्या एकाचं दुसरं करणं आईबापांच्या हातात नसतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या निओबी वे यांनी अमेरिकेतल्या शहरी मुलांशी वर्षानुवर्षं मुलाखतींतून संवाद ठेवला. तेरा-चौदाव्या वर्षी ही मुलं जिवलग मित्राबद्दल मोकळेपणाने, प्रेमाने बोलत. सोळा-सतरापर्यंत बरीचशी गप्प होत, कारण असं बोलणं पुरुषाला शोभत नाही हे तोवर त्यांच्या मनावर ठसलेलं असे. मित्र दुरावले हे दुःख मात्र आत राहत असे. आपल्याकडेही याहून वेगळं दिसत नाही. दुसरीत गळ्यात हात घालून फिरणाऱ्या पोरांना आपणच बारावीत म्हणतो, काय बायकांसारखं रडतोस.

एका नातेवाइकाने बाबूच्या आईला मुंबईतला एक पत्ता दिला होता. दहा सिटिंगमध्ये मुलगा "सरळ" होतो म्हणे. हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी स्पष्ट बोलले. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला तिला आजारांच्या यादीतून काढलं. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले परस्परसंमतीचे संबंध कलम 377 च्या गुन्ह्यातून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असली "दुरुस्ती" करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. जो बरं करून देतो म्हणतो त्याच्या दारात मुलाला नेऊ नका. अशा ठिकाणांहून आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आईवडिलांच्या शेजारी बसवायलाच मग खूप काळ जातो.

वडिलांचं दुखणं वेगळं होतं. त्यांनी कार्डाचं स्टेटमेंट छापून आणलं होतं आणि ओळींवर पिवळ्या पेनाने खुणा केल्या होत्या. मित्राच्या वाढदिवसाला बूट. मित्राला हेडफोन. मिरामारच्या कॅफेचं बिल, प्रत्येक वेळी बाबूनेच भरलेलं. "पैसे टाकून मैत्री विकत घेतोय," ते म्हणाले. मी विचारलं, तुम्ही त्याला काय देता? नवी बाइक देणार होते, अठरा पूर्ण झाल्यावर. दुबईची ट्रिप काढून द्यायचंही चाललं होतं, म्हणजे तो विसरेल. जीव लावायचा म्हणजे वस्तू द्यायची, हे या मुलाने घरातच पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला.

श्रीमंत घरातल्या मुलाला कसलं दुःख, असं लोक सहज म्हणतात. भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी अमेरिकेतल्या सधन कुटुंबांतल्या किशोरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात चिंता आणि व्यसनाचं प्रमाण अनपेक्षितपणे जास्त निघालं. यशाचं दडपण आणि मोठ्यांशी तुटलेली जवळीक ही कारणं त्यांनी मांडली. मी इथे रोज तेच पाहते. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा एसी, वेगळी गाडी. चार माणसं एका ताटाशी बसत नाहीत, आणि सतरा वर्षांच्या मुलाचं सगळं मन एकाच मित्रावर येऊन ठेपतं. तो मित्र उठून गेला की त्याला धरायला दुसरं काही उरत नाही.

पुढचं फार नाट्यमय नाही. वडिलांनी फोन स्वतःच्या हाताने परत दिला, आणि वाचला ही चूक झाली असंही म्हणाले. मी तसं सांगा म्हटलं होतं, पण ते म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. आईने मित्राच्या आईला फोन केला. चार वर्षं दोघींचं बोलणं फक्त ट्यूशनच्या वेळांबद्दल झालेलं. परीक्षेनंतर बाबू मडगावहून वंदे भारतने, सगळ्यांना सांगून मुंबईला गेला.

तिथे त्याला कळलं की मित्राचा नवा ग्रुप जमलाय आणि कॉलेजातली एक मुलगी त्याची गर्लफ्रेंड झाली आहे. मित्र वाईट वागला नाही, पण सतत फोनमध्ये होता. बाबू ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परतला.

आईचा मला फोन आला तेव्हा तिच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता. "झालं ना, मॅडम, मिटलं." मी तिला सांगितलं, ही सुटका त्याला दिसू देऊ नका. मुलाचं काळीज तुटलं त्या दिवशी घरात पेढे वाटल्यासारखं होईल. एखाद्या मुलीने नकार दिला असता तर तुम्ही त्याला जवळ घेतलं असतं, चार दिवस अभ्यासाचं नाव काढलं नसतं. आत्ताही तेच करा. तिने केलं. वडील रविवारी ड्रायव्हरला सुट्टी देऊन त्याला घेऊन गाडी काढतात. सुरुवातीला मला विचारायचे, बोलायचं काय? काही बोलू नका, तो बोलला तर ऐका. डिचोलीपर्यंत जाऊन येतात, वाटेत कुठेतरी पावभाजी खातात.

बाबू आता जेवतो, दारही उघडं असतं. ते प्रेम होतं की मैत्री, हे त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नाही, मलाही नाही. आईने विचारणं सोडलंय.

दुःख आणि धोका यात फरक मात्र ओळखायला हवा. रडणं, चिडणं, एकटं राहणं याला वेळ द्या. पण झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं, आवडत्या वस्तू तो वाटून टाकायला लागला, "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोलला, अंगावर जखमा दिसल्या किंवा कुणी फोटोंवरून त्याला धमकावत असेल, तर थांबू नका. असं तो बोलला असेल तर मरायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट चालतो. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि रात्रीअपरात्री जिवावर बेतलं तर गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी उघडी असते. मदत मिळेपर्यंत त्याला एकटं सोडू नका, आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा.