आंबा झाडावर चांगला दिसतो पण पिकायला ठेवला की सडतो, झाडावर असतानाच काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की काढणीच्या आधी एक फवारणी घेता, फळ अगदी स्वच्छ दिसतं, तरी पिकायला घातलं की चार-पाच दिवसांत काळे डाग आणि देठाकडून सड. मीही बरीच वर्षं असंच सगळं औषध शेवटी मारायचो म्हणून कळकळीने सांगतो, तोवर फार उशीर झालेला असतो.

काळे डाग म्हणजे करपा. ही बुरशी मोहोरात आणि फळ वाटाण्याएवढं असतानाच सालीत शिरते आणि गप्प बसून राहते, कारण कच्च्या कैरीच्या सालीत तिला रोखून धरणारे घटक असतात, फळ पिकायला लागलं की ते कमी होतात आणि मग ती पसरते. देठकुजीची बुरशी वेगळी, ती फांद्यांत आणि वाळक्या काड्यांत राहते, तिथून देठातून फळात उतरते.

एकदा झाडाखाली उभं राहून वर बघा. ज्या फळावर अश्रू ओघळल्यासारखे काळपट पट्टे दिसतील त्याच्या वर बहुतेक वेळा वाळकी काडी नाहीतर मागच्या मोसमातला काळा पडलेला मोहोराचा दांडा लटकत असतो, पावसाचं पाणी त्याच्यावरून बुरशी घेऊन थेंबथेंब फळावर पडतं. म्हणून माझ्या मते खरं पहिलं औषध म्हणजे छाटणी. तोडणी झाली की मेलेल्या काड्या, सुकलेले दांडे काढा, बागेबाहेर नेऊन जाळा, आतल्या गर्दीच्या फांद्या विरळ करा म्हणजे ऊन-वारा आत जाईल.

छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना, प्लास्टिकच्याच भांड्यात. तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं भाजतात. मोहोर फुलल्यावर मात्र मी बोर्डो टाळतो. तेव्हा तुमच्याकडे आंब्यासाठी मंजूर असलेलं बुरशीनाशक, मोहोर येताना एकदा आणि फळ वाटाण्याएवढं असताना एकदा, मध्ये पाऊस किंवा सतत दमट हवा राहिली तर अजून एकदा. दर वेळी तेच औषध नको, बुरशी त्याला सरावते. लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, तेवढं पाळाच.

फळ अंड्याएवढं झालं की फवारणी वाळल्यावर कागदी पिशवी घाला, वेळ जातो पण पाणी फळाला लागतच नाही, फरक दिसतो. नत्र जास्त देऊ नका, झाडाला पाण्याचा ताण पडला तर देठकूज वाढते, आणि काढताना थोडा देठ ठेवूनच काढा.

तुमच्याकडे अंगभर डाग जास्त आहेत की देठाभोवतीची सड, तेवढं कळवा, त्यावरून आधी फवारणीवर जोर द्यायचा की छाटणीवर ते सांगता येईल.