वाचकांचे प्रश्न : चेक इंजिनचा दिवा आणि सेन्सर बदलण्याची घाई

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी २०१९ ची आहे, ६२,००० किमी झाली. पावसात कात्रजचा घाट चढताना ती झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. सपाटीला तो नुसता पेटून राहतो. गॅरेजमध्ये बॅटरीची वायर काढून लावली, तर दोन दिवसांनी दिवा परत आला. आता स्कॅनरवर पी ०१७१ आणि पी ०३०२ असे कोड आहेत. मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतो. बदलू का? – एक वाचक, धायरी

उत्तर : आत्ता नको. पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं मिश्रण नीट पेटत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. दोन्ही कोड एकत्र आले की आधी मिसफायरच्या मागे लागायचं. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, तिथला ऑक्सिजन न जळता तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर मोजतो तो ऑक्सिजन. सोबत गेलेलं कच्चं पेट्रोल त्याला दिसत नाही. म्हणून तो ‘हवा जास्त’ असं कळवतो. नवा सेन्सर बसवलात तर तोही हेच कळवेल.

बॅटरीची वायर काढली की कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि इंजिनवरचा लोड. निदानाला तीच माहिती सर्वांत उपयोगी. म्हणून कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

आता कॉइल तपासा, म्हणजे प्लगवर बसणारा, ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग. इंजिन थंड, चावी बंद. कनेक्टरचं लॉक दाबून सोडवा, बोल्ट काढा (बहुतेकदा १० चा सॉकेट लागतो), कॉइल थोडी फिरवत वर ओढा. प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. पाणी असेल तर प्लग सोडण्याआधी हवेच्या दाबाने उडवा, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये उतरेल. ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. कॉइलच्या रबरी बुटावर केसासारखी बारीक काळी किंवा करडी रेघ असेल, तर ठिणगी तिथूनच बाहेर निसटते आहे. घाटात लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि दमट हवेत ते सोपी वाट शोधतं. तुमची गाडी नेमकी पावसात आणि चढावर झटके देते, म्हणून माझा पहिला संशय कॉइल-प्लगवर आहे.

रेघ दिसली नाही तर दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसांत बदला. बहुतेक गाड्यांत मोजणी बेल्ट किंवा टायमिंग चेनच्या बाजूने होते. कोड पुसून गाडी चालवा. पी ०३०३ (तीन नंबरचा मिसफायर) आला तर कॉइलच खराब. पी ०३०२ च राहिला तर प्लगही तसेच आपसांत बदलून पाहा. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवून बसला की मगच पाना लावायचा. तरीही कोड जागचा हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. सुटे भाग नाना पेठेत मिळतील, पण जुना प्लग सोबत न्या आणि त्याच नंबरचा घ्या.

मिसफायर गेल्यावरही पी ०१७१ राहिला तर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर इनटेकची (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाची) एखादी रबरी नळी चिरून हवा आत ओढली जातेय. आरपीएम आणि लोडबरोबर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचा दाब मोजा.

तोवर दिवा लुकलुकताना घाट चढू नका. कच्चं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळते. कॉइलच्या कितीतरी पट खर्च तिथे येतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी कडेला घ्या.

प्रश्न : बीएस ६ डिझेल गाडी आहे, रोज बाणेर ते हिंजवडी. आधी डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला, आता चेक इंजिनचाही. हायवेला पळवून आणू का? – एक वाचक, बाणेर

उत्तर : फक्त डीपीएफचा दिवा होता तेव्हा ते चाललं असतं : मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने, न थांबता साधारण २० मिनिटं. काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती हिंजवडीच्या रांगेत मिळत नाही. आता वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावूनच रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम, करून घ्या. त्याआधी डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं असेल तर त्यात डिझेल मिसळलंय; ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.