अलाइनमेंट तीनदा झालं, गाडी अजून भरकटतेच

जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर या महिन्यात इतके प्रश्न आले, की पत्रं वेगळी असली तरी दुखणी चार-पाचच निघाली. तेव्हा एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : 2006 ची मारुती 800 आहे, पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग फार जड जातं. रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी) बदलावा लागेल असं मेकॅनिक म्हणतो.

आधी हवा भरा. नंतर पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावायला सांगा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हलकं फिरलं तर दोष टायरचा नाहीतर हवेचा. अधांतरी चाकंही जड वाटली तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअपच्या) वरचं बेअरिंग, कॉलमचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) जॉइंट किंवा रॅक, यांपैकी कोण ते शोधायचं. हे शोधण्याआधीच जो रॅक बदला म्हणतो, त्याला विचारा, कशावरून? आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवा.

प्रश्न : सकाळी पहिल्या वळणाला स्टिअरिंग जड, घूंऽऽ असा आवाज येतो. दहा मिनिटांनी ठीक. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी असेल तर ब्रेक ऑइल चालतं, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांना स्वतःच्या गाडीत घालू द्या. ब्रेक ऑइलने पॉवर स्टिअरिंगची सीलं फुगतात, मऊ पडतात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या टॉपअपचं काम पंप आणि रॅकवर जातं. डब्यावरच्या खुणांत लेव्हल पाहा. ऑइल काळं, जळका वास असेल तर बदला. फेस दिसला तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे. किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट घसरतोय. लेव्हल पुन्हा पुन्हा उतरत असेल तर भरत बसू नका, गळती शोधून घ्या. कोणतं ऑइल घालायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

प्रश्न : ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करून घ्या. तरीही राहिलं तर रिम वाकली आहे का आणि टायरला फुगवटा आहे का ते दाखवा.

प्रश्न : नायट्रोजन भरल्याने गाडी सरळ धावते का?

साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. नाही.

प्रश्न : बारा वर्षांची हॅचबॅक हायवेला सरळ राहत नाही, सतत सावरावी लागते. सहा महिन्यांत तीनदा कॉम्प्युटर अलाइनमेंट केलं. दर वेळी दोन आठवडे बरं, मग पुन्हा तेच. मशीन खराब असेल का?

मशीन ठीक आहे. महिन्याला असं एक तरी पत्र येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजणं आणि बसवणं. पुढची चाकं वरून पाहिली तर आत वळली आहेत की बाहेर, त्याला टो म्हणतात, आणि तो स्क्रीनवर येतो तो उभ्या गाडीचा. टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) ढिला असेल, लोअर आर्मचं (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचं) रबरी बुश फाटलं असेल, तर रस्त्यावर चाक आपल्या मनाने हलतं आणि मघाचा आकडा तिथेच संपतो. ढिल्या बिजागरीच्या दाराला रंधा मारून काय उपयोग? तरी हिरवा आकडा छापून मिळतो, पैसे घेतले जातात, आणि खाली वाकून जॉइंट हलवून बघायला कुणाला वेळ नसतो. ज्या दुकानात प्ले (जॉइंटचा ढिलेपणा) न तपासता थेट सेन्सर लावतात, तिथून गाडी काढा.

तपासणी साधी आहे. गाडी जमिनीवरच, एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. दुसऱ्याने बाजूने हात घालून टायरॉड एंडवर बोट टेकवायचं. गाडीखाली झोपायचं नाही. जॉइंट खिळखिळा असेल तर टक्-टक् बोटाला कळतं. मग चाक उचलून घड्याळातल्या नऊ-तीनला धरून हलवा, नंतर बारा-सहाला. नऊ-तीनला हललं तर संशय टायरॉडवर, बारा-सहाला हललं तर बॉल जॉइंट (चाक आर्मला जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बरेच दिवस बिघडलेला आहे.

सगळ्याची सुरुवात मात्र जॉइंटवरच्या रबराच्या एवढ्याशा बुटापासून (टोपणापासून) होते. मागच्या पावसाळ्यानंतर एक गाडी आली होती. टायरॉड एंडचा बूट फाटलेला, मी चिमटीत दाबला तर ग्रीसऐवजी तांबूस पाणी आलं. मालक म्हणाले, दिवाळीनंतर बदलू म्हटलं होतं. हा जॉइंट सुटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, आणि खालचा बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवंच होतं. टायरॉड एंड बदलताना नवी स्प्लिट पिन घाला, जुनी सरळ करून घालू देऊ नका. आणि मग, त्यानंतरच, चौथं अलाइनमेंट. ते मात्र लागेलच.

प्रश्न : टायर नवे टाकल्यापासून गाडी डावीकडे खेचते.

आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, थोडं खेचणारच. जास्त असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहा (नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). खेच उजवीकडे गेली तर दोष टायरचा, दुकानदाराला परत करा. फक्त ब्रेक मारल्यावर खेचत असेल तर ते ब्रेकचं काम, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : जुन्या जीपला प्ले होता. मिस्त्रीने स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. प्ले गेला, पण आता जड आहे आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही.

बॉक्सचे दाते सरळ चालीच्या जागी जास्त झिजतात. तिथला प्ले जाईपर्यंत आवळलं की वळवताना दाते अडकतात. घाटात हे धोक्याचं आहे. स्क्रू सैल करून आधी लिंकेजचे (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांचे) जॉइंट तपासा, बहुतेक प्ले तिथेच असेल. बॉक्स उघडायचा तर त्यातल्या जाणकाराकडेच द्या.

प्रश्न : टायरॉड ढिला आहे असं कळलंय. गणपतीला कोकणात जाऊन आलो की बदलला तर चालेल ना?

नाही. काम दोन-तीन तासांचं आहे, जाण्याआधी करून घ्या. पार्ट मिळाला नाही तर एसटीने जा.